शेवटच्या पाच सेकंदांत, की आधीच? ऑनलाइन लिलावात बोली लावण्याच्या पद्धती

नाणी, टपाल तिकिटं, जुन्या नोटा, पोस्टकार्डं असं काहीही जमवत असाल आणि ऑनलाइन लिलावात नुकतेच उतरत असाल, तर पहिला सल्ला सगळीकडून एकच मिळतो: शेवटच्या क्षणापर्यंत थांबा, मग बोली टाका. नौपाड्यात चार संग्राहक भेटले तरी हेच सांगतात आणि वाशीत भेटले तरी हेच. माझ्या मते हा सल्ला अर्धाच खरा आहे. एका प्रकारच्या लिलावात तो पैसे वाचवतो, दुसऱ्या प्रकारात त्याचा काही उपयोग होत नाही, आणि तिसऱ्यात तो हवी असलेली वस्तू हातची घालवतो. म्हणून पद्धत निवडण्याआधी लिलाव संपतो कसा, ते बघा. नियमावलीतला तो एक परिच्छेद सगळ्यात आधी वाचा.

लिलाव कसा संपतो

पहिला प्रकार ठरल्या सेकंदाला बंद होणारा. ईबे हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. ईबेचं भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, त्यामुळे इथला संग्राहक आता थेट परदेशी साइटवरच बोली लावतो. घड्याळ शून्यावर आलं की खेळ संपला, मग तुमचं बोट बटणावर असो वा नसो.

दुसरा प्रकार मुदत वाढत जाणारा. शेवटच्या काही मिनिटांत कोणी बोली लावली की लॉटची, म्हणजे लिलावात मांडलेल्या त्या वस्तूची, वेळ आणखी काही मिनिटांनी पुढे सरकते, आणि कोणी बोलेनासं होईपर्यंत सरकतच राहते. आपल्याकडच्या अनेक लिलावगृहांचे वेळ लावलेले ऑनलाइन लिलाव असे चालतात.

तिसरा प्रकार म्हणजे प्रत्यक्ष दालनात पुकारला जाणारा लिलाव, ज्यात तुम्ही घरबसल्या स्क्रीनवरून भाग घेता. इथे घड्याळ नसतंच. पुकारणाऱ्याने हातोडा आपटला की लॉट गेला. तुमच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र दालनाच्या एखाद-दोन सेकंद मागे असतं, हे इथे कायम लक्षात ठेवावं लागतं.

कमाल आकडा आधीच टाकणं विरुद्ध शेवटच्या सेकंदाची बोली

खरी तुलना या दोघांची आहे.

ईबेवर तुम्ही तुमचा कमाल आकडा गुप्तपणे भरता आणि यंत्रणा तुमच्या वतीने, दुसऱ्या बोलीदारापेक्षा एक पायरी (बोली वाढवायचा ठरलेला टप्पा) वर एवढंच बोलत राहते. जिंकलात तर तुमचा पूर्ण आकडा द्यावा लागत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचा आकडा अधिक एक पायरी, एवढंच द्यायचं. वाशीच्या फळबाजारात आंब्याचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, तसा तुमचा खरा आकडा इथे झाकलेला राहतो.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं की, जिंकणारा दुसऱ्याच्या आकड्याएवढी किंमत देत असेल, तर आपल्याला वस्तूची जेवढी किंमत वाटते तेवढाच आकडा लिहिणं सगळ्यात फायद्याचं. कमी लिहून काही वाचत नाही, कारण किंमत तुमच्या आकड्यावर ठरतच नाही. जास्त लिहिलं तर नको त्या भावात वस्तू गळ्यात पडते. विकरींना १९९६ साली नोबेल मिळालं. पण ही पद्धत टपाल तिकिटांच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच वापरली होती. पत्राने आलेल्या बोलींत सर्वात मोठी बोली जिंकायची आणि किंमत दुसऱ्या बोलीच्या आसपास लागायची. संग्राहकांच्या जगाने सिद्धांताच्या आधी व्यवहार उभा केला, याचा मला फार आनंद वाटतो.

या हिशेबाने आकडा सोमवारी टाका की रविवारी, फरक पडायला नको. तो पडतो, कारण सगळे बोलीदार असे शिस्तीने वागत नाहीत.

समजा १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया लिलावात आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारलं गेलं, तोच हा रुपया. भाव सध्या ३,२०० वर आहे, पायरी १०० ची आहे, आणि तुमच्या मते या प्रतीच्या, म्हणजे एवढ्या झिजेच्या, नाण्याला ६,००० देणं योग्य आहे. तुम्ही तीन दिवस आधी ६,००० टाकलेत. समोरच्याचा कमाल आकडा होता ३,५००, तेव्हा भाव ३,६०० वर गेला. आता त्याला "तुम्ही मागे पडलात" असा निरोप जातो. तो पेटतो. ४,०००, ४,५००, ५,००० असं चढत जातो आणि ५,२०० ला थकतो. तुम्ही जिंकता, ५,३०० ला. हेच ६,००० तुम्ही शेवटच्या पाच सेकंदांत टाकले असते, तर त्याला पेटायला वेळच मिळाला नसता आणि नाणं ३,६०० ला आलं असतं.

समोरच्याने मात्र आधीच शांतपणे ७,००० भरून ठेवले असतील, तर तुम्ही दोन्हीकडे हरता. उशिरा बोली लावल्याचा फायदा घाईने चढणाऱ्या माणसाविरुद्धच होतो, ठाम माणसाविरुद्ध होत नाही.

उशिरा बोलीचं दुसरं, आणि मला अधिक महत्त्वाचं वाटणारं कारण माहिती झाकण्याचं आहे. अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांचा २००२ चा अभ्यास यावर आहे. तेव्हा अॅमेझॉनही लिलाव चालवत असे आणि तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढायची. ईबेवर संगणकांच्या ४० टक्के आणि जुन्या वस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली होती, तर अॅमेझॉनवर दोन्ही प्रकारांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. जुन्या वस्तूंत आकडा जास्त का? कारण तिथे जाणकाराची बोली हीच बातमी असते.

राणीछाप रुपयाचं बघा. १८६२ हे साल असलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते, आणि मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून त्यांचे उपप्रकार ठरतात. विक्रेत्याने नुसतं "व्हिक्टोरिया रुपया १८६२" लिहिलंय, फोटो मोठा करून तुम्ही ठिपके मोजलेत, आणि तो उपप्रकार कमी मिळणारा निघाला. आता तुम्ही पाच दिवस आधी मोठी बोली टाकलीत, तर त्या लॉटवर नजर ठेवणारे तीन जण तोच फोटो मोठा करून बघतील. अशा वेळी गप्प बसणं हीच कमाई. उलट ज्या नाण्यात काही गुपित नाही, वर्णन पूर्ण आहे, प्रत प्रमाणित आहे, तिथे गप्प बसून काही राखायचं नसतं.

उशिरा बोलीचे तोटेही सांगितले पाहिजेत. अमेरिकेतले बरेच विक्रेते लिलाव रविवारी संध्याकाळी संपवतात. कॅलिफोर्नियातले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटेचे साडेसहा, आणि तिकडच्या हिवाळ्यात साडेसात. ही आपली डबा भरून स्टेशन गाठायची वेळ. ब्रिटनमधला रविवार रात्री आठचा लिलाव आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला किंवा दीडला संपतो. डोंबिवलीहून जलद लोकलने ठाण्याकडे निघालेला माणूस गर्दीत शेवटचे दहा सेकंद मोजत बसला, तर नेटवर्क त्याच्यासाठी थांबणार नाही. तुमच्या वतीने शेवटच्या सेकंदाला बोली टाकणाऱ्या सेवा आहेत, पण त्यांना तुमच्या खात्याचा प्रवेश द्यावा लागतो. ज्या खात्याला कार्ड जोडलेलं आहे त्याची किल्ली तिसऱ्याच्या हाती देणं मला पटत नाही.

शिवाय दोघांचा आकडा अगदी सारखा आला, तर आधी टाकलेला जिंकतो. म्हणून उशिरा बोलणाऱ्याने गोल आकडा टाळावा. ६,००० ऐवजी ६,०३७ लिहा. बहुतेक माणसं गोल आकड्यावर थांबतात.

मुदत वाढणाऱ्या लिलावात या साऱ्याला जवळजवळ अर्थ उरत नाही. तुम्ही शेवटच्या सेकंदाला आलात की समोरच्याला विचार करायला पुन्हा पुरेशी मिनिटं मिळतात. तिथे आकडा ठरवा, आधी भरा आणि जेवायला बसा. जागून राहण्याचं एकच कारण उरतं: अनेक लॉट हवे आहेत, पैसे थोडे आहेत, आणि पहिला हुकला तर ती रक्कम पुढच्यावर वळवायची आहे.

दालनातल्या लिलावात तर उशीर हा सरळ तोटा आहे. "एकवार, दोनवार" ऐकून मग बटण दाबाल, तर तोवर हातोडा पडलेला असतो. इथे दोन रस्ते आहेत. लिलावगृहाकडे आधी लेखी बोली ठेवायची, म्हणजे ते तुमच्या वतीने बोलतील. किंवा स्वतः स्क्रीनसमोर बसायचं आणि पुकारा चालू असतानाच, न रेंगाळता बोलायचं. लेखी बोलीत लिलावगृहाला तुमचा कमाल आकडा कळतो. जिथे वर्षानुवर्षं व्यवहार करून विश्वास बसला आहे तिथेच ती ठेवावी. नव्या, अनोळखी ठिकाणी दुपार मोकळी काढून स्वतः बसावं.

थोडं थोडं चढवत जाणं

नवा माणूस हेच करतो आणि ईबेसारख्या ठिकाणी ही सगळ्यात महाग पद्धत आहे. प्रत्येक वेळी मागे पडलं की आणखी शंभर, आणखी दोनशे. असं करताना आकडा वस्तूच्या किमतीवर न ठरता समोरच्याच्या हट्टावर ठरतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईबेवरच्या एकाच बोर्ड गेमचे लिलाव तपासले होते. तोच खेळ त्याच साइटवर त्याच वेळी ठरलेल्या किमतीला मिळत होता, तरी ४२ टक्के लिलावांत अंतिम बोली त्या किमतीच्या वर गेली. चढाओढीत शिरलेला माणूस शेजारच्या पानावरची किंमत बघायचं विसरतो.

एकदम मोठी उडी मारून इतरांना घाबरवायचं, ही पद्धतही काहींना आवडते. जिथे गुप्त कमाल आकडा चालतो तिथे ती निरुपयोगी आहे. दालनात कधीकधी चालते, पण त्यासाठी समोर कोण बसलंय ते माहीत असावं लागतं. नव्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवरचे गट

इथे मात्र थोडं थोडं चढवण्यावाचून इलाज नाही, कारण तुमच्या वतीने बोलणारी यंत्रणा नसते. विक्रेता फोटो टाकतो, बेस प्राइस सांगतो, "रात्री साडेनऊला बंद" असं लिहितो, आणि लोक खाली आकडे टाकत जातात. कुठे वेळ झाली की बंद, कुठे शेवटच्या बोलीनंतर पाच मिनिटं थांबायचं. नियम त्या गटाच्या अॅडमिनचा, आणि तो पिन केलेल्या निरोपात वाचून घ्यायचा.

गटाचे दोन मोठे फायदे आहेत. बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून बोलीच्या वर घेतं ती टक्केवारी, इथे नसतो, आणि विक्रेता जवळचा असेल तर नाणं हातात घेऊन बघता येतं. वाशी स्टेशनवर किंवा ठाण्यात तलावपाळीवर भेटून, खिशातल्या छोट्या काट्यावर वजन करून मग पैसे देता येतात. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजेमुळे वजन किंचित उतरतं, पण दीड-दोन ग्रॅमचा फरक दिसला तर तिथेच नमस्कार करून निघावं. १९३९ चा रुपया कोणी गटात स्वस्तात देत असेल तर वजनावरही विसंबू नका. तो दुर्मीळ आहे आणि साल खोडून-कोरून बनवलेले नमुने फिरतात. प्रमाणपत्र नसेल तर बोलीच नको. कंपनी सरकारचं नाव आणि १८१८ साल असलेली राम-दरबाराची "नाणी" ही नाणी नव्हेतच, नंतर बनवलेली टोकनं आहेत. त्यांवर कितीही बोली लागलेल्या दिसल्या तरी सोडून द्या.

तोटा म्हणजे बनावट बोली. विक्रेत्याचाच माणूस आकडा फुगवतो. ठरावीक एक-दोन नावं एकाच विक्रेत्याच्या प्रत्येक लॉटवर चढताना दिसतात, पण "मला मिळालं, सुंदर नाणं" असं कधीच लिहीत नाहीत, तेव्हा तो गट सोडावा. आणि रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी कोणी शुल्क मागितलं तर तो भामटाच. बँकेने २०२१ मध्ये तसा जाहीर इशारा दिलेला आहे.

आकडा काढायचा कसा

वरच्या सगळ्या पद्धती एका आकड्यावर उभ्या आहेत, आणि तो चुकला तर सेकंद अचूक साधून काही मिळत नाही.

लिलावगृहात हातोड्याच्या किमतीवर बायर्स प्रीमियम लागतो, प्रीमियमवर जीएसटी लागतो, काही ठिकाणी वस्तूवरही लागतो, शिवाय टपालखर्च. समजा प्रीमियम १८ टक्के आणि त्यावर जीएसटी १८ टक्के. १०,००० ला हातोडा पडला की १,८०० प्रीमियम, त्यावर ३२४ कर, म्हणजे १२,१२४ आणि वर पार्सल. म्हणून उलटं मोजा. खिशातून एकूण १२,००० जाऊ द्यायचे ठरले असतील, तर टपालाचे २०० वजा करा, उरलेल्या ११,८०० ला १.२१२४ ने भागा. तुमची बोली ९,७०० च्या आसपास थांबली पाहिजे. टक्केवारी प्रत्येक लिलावगृहाची वेगळी असते, तेव्हा कॅटलॉगच्या शेवटच्या पानांवरून ती घेऊनच हा हिशेब करा. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि डॉलरचा बँकेने लावलेला भाव हेही त्यात धरा. आणि विक्रेता भारतात पाठवतो का, ते बोलीच्या आधी विचारा.

मूळ किंमत ठरवायला जुन्या लिलावांचे निकाल बघा, विक्रेत्यांनी लावलेले भाव नकोत. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत मोठं अंतर असतं. प्रतही जुळली पाहिजे. झिजलेल्या नाण्याची तुलना चकचकीत, प्रमाणित नाण्याशी करून काही कळत नाही.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी हे ठेवण्यासाठी घेतोय की पुढे विकण्यासाठी? ठेवण्यासाठी असेल तर तुमचा आकडा तुमचा. संग्रहातली एकच जागा रिकामी असेल, तर बाजारापेक्षा थोडं जास्त देण्यात मला काही गैर वाटत नाही. विकण्यासाठी घेणाऱ्याने मात्र सावध राहावं. नाण्याची पुढची किंमत सगळ्यांसाठी सारखीच आहे, फक्त प्रत्येकाचा अंदाज वेगळा, आणि लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला असतो. व्यापाऱ्याने आपल्या अंदाजातून चांगलीच सूट काढून मगच बोलावं.

आणखी एक कायद्याचा मुद्दा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या मुलाला भेट द्यायची म्हणून इथल्या लिलावात राणीछाप रुपया घेत असाल, तर तो बेत सोडा.

सहज मिळणारं आणि क्वचित मिळणारं

दुदांडी शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) किंवा साधा १८६२ चा रुपया पुन्हा पुन्हा लिलावात येतो. अशा वस्तूसाठी एका लॉटवर जीव टाकण्याची गरज नाही. आपल्या किमतीपेक्षा कमी आकडा ठरवा, तोच आकडा एकामागून एक लॉटवर लावत जा आणि हरत राहायची तयारी ठेवा. कधीतरी शांत दुपारी, दोन मोठ्या लॉटच्या मध्ये अडकलेला लॉट तुमच्या भावात पडतो. खारघरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या तरुणाला ईबेचे मध्यरात्रीनंतरचे लिलाव सोयीचे, तर ठाण्यातल्या निवृत्त शिक्षकांनी झोपमोड न करता लिलावगृहाकडे ठेवलेली लेखी बोली बरी. सहज मिळणाऱ्या वस्तूंत दोघांचंही नुकसान नाही.

दहा-पंधरा वर्षांत एकदा दिसणाऱ्या वस्तूचं गणित वेगळं. तिथे स्वस्तात मिळवण्याचा विचार डोक्यातून काढावा. आपला पूर्ण, प्रामाणिक आकडा लावावा, आणि लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होणारा असेल तर तो शेवटी लावावा. लिलाव मुंबईत असेल आणि लॉट बघायला ठेवलेले असतील, तर एक दिवस रजा टाकून फोर्टपर्यंत जावं. फोटोत न दिसणारी कडेची खरवड हातात घेतल्यावर दिसते.

शेवटी एका रस्त्याकडे फार कमी लोक बघतात. लिलाव झाल्यावर न विकल्या गेलेल्या लॉटची यादी बहुतेक लिलावगृहांकडे असते, आणि त्यातले बरेच लॉट राखीव किमतीला (याच्या खाली लिलावात विकायचं नाही, असा विक्रेत्याने ठरवलेला आकडा) किंवा तिच्या थोडं खाली मिळू शकतात. निकाल लागले की दुसऱ्याच दिवशी तुमच्या यादीतले न गेलेले क्रमांक लिहून ईमेल करा आणि विक्रेता कितीला द्यायला तयार आहे ते विचारा. प्रीमियम इथेही लागतो, तो विचारूनच होकार द्या.